वाघाचा कागद

अकोल्यात कोर्टाजवळच्या एका गल्लीत रबरी शिक्के करून देणाऱ्याचं छोटं दुकान आहे. एक टेबल, एक जुना संगणक, शाईच्या बाटल्या आणि पुठ्ठ्यावर उठवून लावलेले नमुने. परवा माझ्या पत्त्याचा शिक्का आणायला गेलो, तर माझ्याआधी एक गृहस्थ उभे होते. त्यांना आपल्या संस्थेच्या गोल शिक्क्यात मधोमध अशोकस्तंभ हवा होता. दुकानदार मान हलवत होता.

"काहून नाही? बाकीच्यांच्या शिक्क्यात असते ना."

"असन. पण पयले सरकारी हापिसाचं पत्र आणा, मंग करून देतो. नाहीतर नाही जमत, भाऊ."

गृहस्थ नाराज होऊन गेले. त्या कामाचे दुकानदाराला चार पैसे मिळाले असते. कायद्याचं नावही त्याला सांगता येत नव्हतं. तरी त्याने नाही म्हटलं. मला तो माणूस फार आवडला.

*

त्यानेच मग एक गोष्ट दाखवली. एका कार्यालयाचं रीतसर पत्र आलेलं होतं, त्यांचा शिक्का तयार झाला होता. रबरावर सगळं उलटं असतं. अक्षरं उलटी हे तर आपल्याला ठाऊक असतं, पण सिंहांच्या पायाखालची पट्टी मी कधी इतक्या जवळून पाहिली नव्हती. रबरावर बैल डाव्या हाताला आणि घोडा उजव्या हाताला होता. शाई लावून त्याने तो कोऱ्या कागदावर दाबला, आणि घोडा डावीकडे आला, बैल उजवीकडे गेला.

"कागदावर असाच पायजे. उलटा दिसला का समजा, गडबड हाये."

*

आमची आजी निरक्षर होती. तिच्या ट्रंकेत एक कापडी पिशवी होती, तीत घरातले सगळे कागद. कागदांचे तिने दोनच प्रकार केले होते : वाघ असलेले आणि वाघ नसलेले. सिंह तिने कधी पाहिला नव्हता. तिचं माहेर मेळघाटाच्या पायथ्याचं, तेव्हा तिच्या लेखी ते वाघच. "ज्याच्यावर वाघ हाये तो कागद कोणाले देऊ नको," असं ती वडलांना बजावायची. वाघ नसलेला कागद ती चुलीजवळ ठेवायला मागेपुढे पाहत नसे.

या चिन्हाविषयी जे काही मी वाचत गेलो, ते सगळं त्या पिशवीपासून सुरू झालं. ज्याला वाचता येतं तो मजकूर वाचतो, खालची सही पाहतो, तारीख तपासतो. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ते तीन सिंह हाच सगळा मजकूर.

*

मूळ दगड सारनाथचा. सम्राट अशोकाच्या स्तंभाचा माथा, इसवी सनापूर्वी तिसरं शतक, चुनारचा वालुकाश्म घोटून आरशासारखा केलेला, उंची सुमारे सात फूट. १९०५ साली उत्खननात तो सापडला. उत्खनन करणारे ओर्टेल पेशाने बांधकाम खात्यातले अभियंते. पाठीला पाठ लावून चार सिंह, त्यांच्या पायाखाली गोल पट्टी, पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह, प्रत्येक दोघांमध्ये एक चक्र. खाली घंटेसारखं उलटं कमळ.

राजचिन्हात कमळ घेतलं नाही. समोरून तीनच सिंह दिसतात, मध्ये चक्र, एका बाजूला घोडा, दुसऱ्या बाजूला बैल, आणि अगदी कडांना चक्रांच्या नुसत्या रेषा. खाली देवनागरीत 'सत्यमेव जयते', मुंडक उपनिषदातलं. ही अक्षरं चिन्हाचाच भाग आहेत. अक्षरांशिवाय नुसते सिंह छापले तर ते राजचिन्ह पुरं होत नाही. आपल्याकडच्या निम्म्या पत्रिकांवर आणि फलकांवर ती अक्षरं गाळलेली असतात. जागा पुरत नाही म्हणून ती दोन शब्दांची ओळ काढून टाकावी, हे मला कधीच पटलं नाही.

*

राष्ट्रध्वजासाठी संविधान सभेत २२ जुलै १९४७ रोजी रीतसर ठराव झाला. त्या ठरावातच लिहिलंय की ध्वजावरचं चक्र सारनाथच्या सिंहशीर्षावरच्या चक्राप्रमाणे असेल. म्हणजे सिंहांचं चक्र आधी ध्वजावर गेलं आणि सिंह मागून आले. आपल्या भागातले अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी हे दोघेही या संविधान सभेचे सदस्य.

सिंहांचा स्वीकार भारत सरकारने केला, २६ जानेवारी १९५० रोजी. पण ते त्याआधीच टपालातून गावोगाव पोचले होते. १५ डिसेंबर १९४७ ला निघालेल्या दीड आण्याच्या तिकिटावर सिंहशीर्ष होतं. १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर इंग्रज राजाच्या चेहऱ्याची जागा सिंहांनी घेतली. त्या जागी गांधीजींचं चित्र घ्यावं असा विचार आधी झाला होता. १५ ऑगस्ट १९५० ला नवी नाणी आली, त्यांवरूनही राजा गेला.

*

त्या नाण्यांपैकी काही अजून माझ्याकडे आहेत. एका बाजूला सिंह. दुसऱ्या बाजूला पैशावर घोडा, आणि अर्धा आणा, एक आणा, दोन आणे या तिन्हींवर बैल. पाव रुपयापासून पुढे धान्याची कणसं. एक आण्याची कड कंगोऱ्यांची, अंधारात खिशात हात घातला तरी बोटाला कळणारी. आजोबा पोळ्याच्या दिवशी बैल सजवून झाले की ही नाणी डब्यातून काढून आम्हा पोरांना दाखवायचे. राजा जाऊन नाण्यावर बैल आला, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. कास्तकार माणूस, त्यांना स्वराज्य त्या नाण्यात दिसलं.

*

संविधानाच्या हस्तलिखित प्रतीसाठी सिंहांचं चित्र काढणारे चित्रकार दीनानाथ भार्गव. नंदलाल बोस यांचे शांतिनिकेतनमधले विद्यार्थी. सिंह कसा बसतो, कसा पाहतो, हे बघायला ते कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जात. हे भार्गव मुलताईचे. वरूडवरून उत्तरेला निघालं की मुलताई, बैतूल जिल्हा. तेव्हा बैतूल आणि वऱ्हाड एकाच प्रांतात होते. मुलताईला उगम पावणारी तापी पुढे मेळघाटाच्या उत्तरेच्या कडेने वाहते, आणि अकोला-अमरावतीचं पाणी घेऊन जाणारी पूर्णा तिलाच मिळते. वरूडची माणसं संत्र्याच्या बागांबद्दल तासभर बोलतात. हा शेजारीही त्यांनी सांगावा.

*

शिक्कामोर्तब हा शब्द आपण सहज वापरतो. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर माथ्याला अष्टकोनी मुद्रा असे, आणि मजकूर संपला की तिथे दुसरा, लहान ठसा, तो मोर्तब. त्यावर अक्षरं : 'मर्यादेयं विराजते'. इथे मर्यादा झाली. म्हणजे या ठशाच्या खाली कोणी एक ओळ जरी वाढवली, तरी ती महाराजांची नाही.

किती बारीक विचार आहे हा. पत्र कोणाचं ते मुद्रेने कळायचं आणि कुठपर्यंतचं ते मोर्तबाने. शिक्क्याचं संरक्षण शिक्क्यातच केलेलं.

*

गाविलगड. चिखलदऱ्याहून सकाळी लवकर निघालो, धुकं होतं. दिल्ली दरवाज्याशी पोचेपर्यंत ऊन आलं आणि दगडावरचं कोरीव काम उठून दिसायला लागलं. सिंह आहेत. आणि तो आहे : दोन मुंडक्यांचा पक्षी, गंडभेरुंड, त्याच्या पकडीत हत्ती.

किल्ला बहामनी सुलतान अहमदशाह वली याने १४२५ च्या सुमारास बांधला. पुढे फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने तो दुरुस्त केला, वाढवला आणि १४९० मध्ये वऱ्हाडात आपली इमादशाही उभी केली. अचलपूर तिची राजधानी. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला, ब्राह्मण घरातला. लहानपणी लढाईत पकडला गेला आणि मुसलमान म्हणून वाढला. आणि विजयनगरच्या राजांनी वापरलेला गंडभेरुंड त्याच्या किल्ल्याच्या दरवाज्यावर आहे. जन्मगाव सुटलं, धर्म बदलला, आणि हा पक्षी एवढ्या लांब सातपुड्यात आला. मी त्या दरवाज्याखाली बराच वेळ उभा होतो. वऱ्हाडाला स्वतःचं राजचिन्ह होतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. शाळेत कोणी सांगितलं नाही. पाचवीपासून दहावीपर्यंत आमच्या सहली चिखलदऱ्यालाच जात होत्या.

१५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड घेतलं आणि इमादशाही संपली. त्या पक्ष्यामागे राज्य राहिलं नाही. तोच गंडभेरुंड म्हैसूरच्या वडेयरांनी जपला आणि आज तो कर्नाटक शासनाच्या चिन्हात आहे. तिथे सरकारी कागदावर, बसवर, इमारतींवर. इथे धुक्यात.

हात पोचेल तिथल्या दगडावर खिळ्याने नावं कोरली होती. एका नावाभोवती बदाम काढला होता. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नावं नुकतीच कोरलेली होती, दगडाचा आतला रंग ओला वाटावा इतका ताजा होता.

*

गाविलगड जनरल वेलस्लीच्या फौजेने घेतला तो दिवस १५ डिसेंबर १८०३. सिंहांचं तिकीट निघालं तेही १५ डिसेंबरला, १४४ वर्षांनी. योगायोगच. पण वहीत लिहून ठेवावासा वाटला.

*

अकोल्याच्या बाजूने अकोटवरून नरनाळ्याला गेलं की महाकाली दरवाजा. १४८७ चा. कमळं, दगडी जाळ्या, पुढे आलेले झरोके, आणि अरबी अक्षरांच्या ओळी. गाविलगडाचा पक्षी पाहून नरनाळ्याला जावं. एकीकडे चित्राने सांगितलेली सत्ता, दुसरीकडे अक्षरांनी.

*

वऱ्हाडावर एकाच वेळी दोन निशाणं होती, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे सोपवला. १९०२ मध्ये कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला. मालक हैदराबादचा, कारभार इंग्रजांचा. १९३६ च्या करारात निजामाची मालकी पुन्हा मान्य झाली, त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला, आणि समारंभाच्या दिवशी वऱ्हाडात इंग्रजांच्या निशाणाशेजारी निजामाचं निशाण लावायचा हक्कही लिहून दिला गेला.

ते निशाण पिवळं, मधोमध गोल. तो गोल म्हणजे कुलचा, भाकरीसारखी रोटी. पहिल्या निजामाला एका सुफी संताने पिवळ्या कापडात कुलचे बांधून दिले, त्याने सात खाल्ले, आणि संताने सात पिढ्या राज्य करशील म्हणून सांगितलं, अशी आख्यायिका. ज्या घराण्याने निशाणावर रोटी घातली, त्याच्याच नावावर आमचा कापूस पिकवणारा मुलूख होता आणि त्याची पट्टी वर्षाला मोजून दिली जात होती.

*

आजीच्या पिशवीतले कागद एकदा काळाप्रमाणे लावले. इंग्रज राजाच्या चेहऱ्याचा स्टँप पेपर. मध्य प्रांत व वऱ्हाड. मग मध्य प्रदेश, कारण १९५० नंतर सहा वर्षं आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर. मग १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य. मग १ मे १९६० पासून महाराष्ट्र. शेत तेच, बांध तेच, विहीर तीच. माथ्यावरचं नाव बदलत गेलं. १९५० नंतरच्या कागदांवर मात्र सिंह तेच राहिले. आजीचे दोन प्रकार याच कारणाने टिकले असावेत.

*

कायदा. १९५० मध्येच एक कायदा झाला होता, चिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराविरुद्धचा. त्यात शिक्षा काय, तर ५०० रुपयांपर्यंत दंड. पंचावन्न वर्षं त्यावरच भागवलं. मग २००५ मध्ये केवळ राजचिन्हासाठी वेगळा कायदा आला आणि २००७ मध्ये त्याचे नियम.

सगळ्यात महत्त्वाचं कलम तिसरं. हा कागद सरकारी आहे, हा माणूस सरकारचा आहे, असा समज होईल अशा रीतीने परवानगीवाचून चिन्ह वापरता येणार नाही. हुबेहूब नसलं, जवळपास तसं दिसणारं असलं तरीही. मला हे फार बरोबर वाटतं. चित्राच्या अपमानाची गोष्ट तिथे नाही. पाहणाऱ्याच्या मनात काय समज होतो, ही गोष्ट आहे. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आमच्या आजीसारखं कोणीतरी होतं.

चौथं कलम धंद्यासाठी वापराबद्दल. दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड. चिन्हावर कमाई केली असेल तर किमान सहा महिने. परदेशातल्या भारतीय नागरिकांनाही हा कायदा लागू आहे. आणि जगाच्या पाठीवर इतरत्र कोणी आपल्या मालावर हे सिंह नोंदवू नयेत यासाठी पॅरिस कराराची सोय आहे. भारत त्यात १९९८ मध्ये सामील झाला.

*

नियमांची यादी वाचताना डोळ्यांपुढे आपल्या भागातली किती लेटरहेडं येऊन गेली. नगरपरिषदा, पंचायती, बँका, विद्यापीठं, स्वयंसेवी संस्था यांना परवानगी दिलेली नसेल तर चिन्ह वापरता येत नाही. ज्याला चिन्हाचा अधिकार आहे, त्यानेही त्याच कागदावर वकील, संपादक, चार्टर्ड अकाउंटंट असं छापायचं नाही. नोटरीचा शिक्कासुद्धा साधा गोल, पाच सेंटिमीटरचा, नाव आणि क्षेत्राचा.

आणि 'माजी'. माजी मंत्री, माजी खासदार, माजी आमदार, निवृत्त न्यायाधीश, निवृत्त अधिकारी यांनी चिन्ह वापरायचं नाही, असं नियमात स्पष्ट आहे. सिंह पदाचे आहेत, पद गेलं की ते खाली ठेवायचे. एका लग्नपत्रिकेवर 'माजी' या शब्दाच्या बरोबर वर अशोकस्तंभ सोनेरी शाईत छापलेला मी पाहिला आहे. छापखान्यातल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "कोरलमध्ये फाइल तयारच राहते काका, लोक म्हणतात टाका." त्या पोराची चूक कमी. त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

*

एक गोष्ट मात्र खटकते. या कायद्याखाली खटला भरायचा तर केंद्र सरकारची, किंवा केंद्राने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची, आधी मंजुरी लागते. उठसूट कोणी कोणावर केस करू नये, हा हेतू समजतो. पण अकोल्यातल्या एका खोट्या लेटरहेडसाठी कागद इतक्या वर जायचा असेल, तर तो जातच नाही. मग गुन्हा नोंदला जातो तो फसवणुकीचा, आणि सिंहांचं काय झालं हे कोणी विचारत नाही. ही मंजुरी जिल्हा पातळीवर मिळेल अशी सोय सगळीकडे असायला हवी.

आणखी एक. आपल्या मूलभूत कर्तव्यांत राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर करणं लिहिलेलं आहे, राजचिन्हाचं नाव नाही. ध्वज खाली टेकला तर पोरंही धावून उचलतात, इतकं ते अंगात भिनलंय. सिंहांच्या बाबतीत तसं झालं नाही.

*

जुलै २०२२ मध्ये नव्या संसद भवनावर साडेसहा मीटर उंचीचं ब्राँझचं राजचिन्ह बसलं. त्यातले सिंह जास्त उग्र आहेत का, यावर देशभर वाद झाला. ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा भंग झालेला नाही असं सांगून याचिका फेटाळली. वादातून काही निघालं असेल-नसेल, पण त्या दिवसांत अमरावतीच्या चहाच्या टपरीवर लोक दहा रुपयांचं नाणं डोळ्यांजवळ नेऊन सिंहाचं तोंड न्याहाळत होते, हे मी पाहिलं. इतकं निरखून ते याआधी कोणी पाहिलं नसेल.

*

गेल्या उन्हाळ्यातलं. अमरावतीला आमच्या घराजवळ दर्यापूरकडचे एक कास्तकार मुलाच्या शिक्षणासाठी खोली घेऊन राहतात. ते संध्याकाळी एक कागद घेऊन आले. मुलाला मोबाइलवर आलेलं नेमणूकपत्र, रंगीत छापून आणलेलं. खात्याचं नाव मोठ्या अक्षरात, खाली लाल गोल शिक्का, माथ्यावर सिंह. नोंदणीचे म्हणून पैसे आधीच भरले होते, तुरीचे आलेले. आता आणखी मागत होते.

मी चष्मा लावला. 'सत्यमेव जयते' नव्हतं. पट्टीकडे पाहिलं. बैल डावीकडे, घोडा उजवीकडे. कोणीतरी चित्र उलटं करून डकवलं होतं.

मी त्यांना दाखवलं. घरातलं दहा रुपयांचं नाणं काढून कागदाशेजारी ठेवलं. नाण्यावर ते फार बारीक असतं म्हणून मग पासपोर्ट आणला. ते दोन्हीकडे पाहत राहिले. मुलगा भिंतीला टेकून उभा होता, काही बोलत नव्हता.

"म्हंजे हे वाघ खोटे हायेत," ते म्हणाले. त्यांनीही वाघच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पोलिसांत गेलो, तक्रार दिली. कागदाची प्रत त्यांनी ठेवून घेतली, मूळ कागद परत दिला. बाहेर आल्यावर मुलाने तो चुरगाळायला घेतला. वडलांनी हातातून काढून घेतला, गुडघ्यावर ठेवून सुरकुत्या सारख्या केल्या आणि चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

मी म्हटलं, "भाऊ, आता कशाला ठेवता?"

"फाडाले हात नाही होत ना," ते म्हणाले.